रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार: माहिती अधिकारात नेमकं काय मागावं?

वाटसरू: गावचा नवा डांबरी रस्ता पहिल्याच पावसात उखडला. ‘काम निकृष्ट का झालं?’ असा माहिती अधिकाराचा अर्ज दिला, तर ‘अशी माहिती अभिलेखावर नाही’ असं उत्तर आलं. आता काय करावं?

नस्ती: ‘का’ विचारलं की अर्ज फसतो. कायद्यानं नोंदीतली माहिती मिळते, खुलासा नाही. कागद नावानिशी मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (एमबी) पानं, देयकं, चाचणी अहवाल आणि डांबराची चलनं (खरेदीच्या पावत्या). चलनं विसरू नका! जोडपत्र ‘अ’वर (अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यावर) १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही सर्वसाधारणपणे १५० शब्दांत. रस्त्यासोबत गटार घुसवलंत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात.

टेपपट्टी: बिल एमबीवरूनच निघतं, म्हणून खोटेपणा तिथेच पकडता येतो. त्यात ३.७५ मीटर रुंदी लिहिली असेल तर चार-पाच ठिकाणी स्वतः मोजून बघा. मग डांबर. एक किलोमीटर लांब, ३.७५ मीटर रुंद, २० मिलिमीटर जाड थर म्हणजे ७५ घनमीटर माल, वजनाने १६५ टनांच्या आसपास. अंदाजपत्रकात डांबर ५ टक्के धरलं असेल तर साधारण ८ टन लागायला हवं. चलनांची बेरीज ५ टनांवरच थांबली, तर उरलेलं डांबर रस्त्यात पडलेलंच नाही. चलनांचे क्रमांक शेजारच्या कामांशीही ताडून बघा, एकच चलन दोन कामांना जोडलेलं सापडतं. जाडीबद्दल शंका असेल तर कलम २(ञ) खाली कामाची पाहणी आणि प्रमाणित नमुना मागता येतो.

अपीलकर्ता: ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, स्टॅम्प २० रुपयांचा. मुदत उलटल्यावर कलम ७(६) नुसार प्रती फुकट द्याव्या लागतात, हे अपिलात स्पष्ट लिहा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे रांग फार मोठी आहे. त्यासाठी अडून राहू नका. फरक सापडला की मोजमापांच्या तक्त्यासह वरिष्ठांकडे आणि लोकायुक्तांकडे तक्रार द्या. कोणी लाच मागत असेल तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा.

सगळ्यात आधी मात्र दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत) तपासा. तो चालू असेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावी आणि तोवर त्याची अनामत सोडू नये, असं पत्र कार्यकारी अभियंत्यांना देऊन पोच घ्या. अनामत एकदा सुटली की वसुली फार अवघड होते.