कार्ट्रिज फिल्टर धुऊनही दाब का चढतो?

प्रश्न (बावधन): घरच्या तरणतलावाचा कार्ट्रिज फिल्टर (घड्या घातलेल्या कापडाची नळकांड्यासारखी गाळणी) मी दर महिन्याला नळीने धुतो, तरीही दाबमापकाचा काटा दोनच दिवसांत पुन्हा चढतो आणि घड्यांमध्ये पांढरट, खरखरीत थर दिसतो. फिल्टर थेट अ‍ॅसिडमध्ये बुडवावा का?

उत्तर १: थेट नको. अंगाचे तेल आणि सनस्क्रीन घड्यांत असताना अ‍ॅसिड लावल्यास तो मेणचट थर अधिकच घट्ट बसतो. आधी फिल्टर क्लीनरच्या द्रावणात रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळी तिरपी धरून एकेक घडी वरून खाली धुवावी.

प्रश्नकर्ता: पाणी बोअरचे आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर २: तोच तर संबंध आहे! हा क्षारांचा थर आहे. तेल निघाल्यावर २० भाग पाण्यात १ भाग म्युरिएटिक अ‍ॅसिड (हायड्रोक्लोरिक आम्ल) घालून बुडबुडे थांबेपर्यंत फिल्टर बुडवावा. अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे व चष्मा घालावा आणि क्लोरीन आसपासही ठेवू नये.

उत्तर ३: प्रेशर वॉशर मात्र टाळा, आमच्याकडे घाईत तो वापरला आणि घडीचे कापड उभे फाटले. दाब स्वच्छ स्थितीपेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक) वाढल्यावरच धुणे पुरते.