प्रति: गॅझेट झालं, तरी जन्मदाखला का बदलंना?

परभणीवाले दादा, ग्रामसेवकावर चिडू नका. "गॅझेटात नवं नाव आलं, मग दाखल्यावर का नाही?" हा तुमचा सवाल बरोबर वाटतो, पण दोन्ही कामं वेगळी आहेत. राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटात, नाव आलं म्हणजे इथून पुढं तुम्ही या नावानं ओळखले जाणार, एवढंच. जन्माच्या दिवशी नोंदलेलं नाव त्यानं चुकीचं ठरत नाही.

नोंदीतच चूक असली, म्हणजे 'ज्ञानेश्वर'चं 'ज्ञानेश्वरी' झालं असलं, तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 लावा. त्यातही मूळ अक्षराला हात लागत नाही. निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारा अधिकारी, समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख. पुराव्याला शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा जोडा. नुसत्या आधारवर भिस्त ठेवू नका.

दाखल्यावर नावाची जागाच कोरी असेल तर ते कलम 14, त्याचा अर्ज निराळा.

आणि हो, आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मनोंदच सापडत नाही कित्येकदा. तिथं दुरुस्ती कशाची करणार? आधी उशिराच्या नोंदीचा आदेश घ्यावा लागतो. वर्ष उलटलं की तो अधिकार 2023 च्या बदलानंतर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं, किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यानं अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आहे. जुना वकील अजून कोर्टात चला म्हणत असेल तर आधी तहसीलला विचारून या.