म्हाताऱ्या कुत्र्याला उंच भांडं की टायमरचं मशीन? (कोकणातला पावसाळा धरून सांगा)

गुहागरची_पडवी
आमचा शेरू अकरा वर्षांचा. आई गावठी, बाप कुणाचातरी अल्सेशियन, वजन २८ किलो. दिवाळीपासून त्याचे मागचे पाय आखडतात. जेवायला वाकला की पडवीच्या कोब्यावर पुढचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि ताट पुढे पुढे सरकत जातं. ते भिंतीला टेकलं की मग साहेबांचं जेवण सुरू!

आठवड्यातले दोन दिवस मी चिपळूणला असते. सकाळी सहाची एसटी, परत यायला रात्रीचे आठ. दुपारी त्याला खाण्याबरोबर सांधेदुखीची गोळी असते. सासूबाई घरी असतात, पण त्यांना गुडघ्यांमुळे वाकवत नाही. म्हणून उंच स्टँड आणि टायमरवालं मशीन, दोन्ही घ्यावं म्हणते. पण आमच्याकडे जूनमध्ये डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. कुणी वापरलंय का?

मालवणचो_आबा
गो बाय, स्टँड कित्याक व्हयो? चिरो आडवो घाल, वर गोणपाट, त्येच्यार परात. आमचो मोती तसोच जेवता. चिरो सरकत नाय. लोखंडाचो स्टँड खाऱ्या वाऱ्यान एका पावसात गंजतलो.

डेनवाली_रत्नागिरी
आबा, चिरा ठीक, पण ताई, आधी डॉक्टरांना विचारा. माझा ग्रेट डेन उंच स्टँडवर जेवायचा. एका रात्री पोट ढोलासारखं फुगलं. ओकायला बघतोय आणि नुसती लाळ येतेय, एका जागी बसवत नाही. पोटाला पीळ पडला होता. आंबा घाटातून गाडी काढून कोल्हापूर गाठलं, तेव्हा वाचला. ऑपरेशनमध्ये पोट आतून टाचून घेतलं, पुन्हा फिरू नये म्हणून.

अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाने मोठ्या जातींच्या १,६३७ कुत्र्यांवर नजर ठेवली होती. २००० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्यांत हा धोका जास्त दिसला. नंतरचे सगळे अभ्यास तसं म्हणत नाहीत. स्टँडमुळेच झालं असं मीही छातीठोक सांगणार नाही, आमचं ध्यान बकाबका खायचंच. पण खोल छातीचा मोठा कुत्रा असेल तर उगाच उंची देऊ नये. अल्सेशियनही त्यातच मोडतो. एकदम ढीगभर न देता दोन-तीनदा विभागून द्या.

कलमवाला_देवगड
मशीनचं मी सांगतो, दोन घेऊन बसलोय. पहिलं नुसतं खाली घसरणाऱ्या दाण्यांचं. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ठेवलं तर कुत्र्याने दोन दिवसांचं एका बैठकीत संपवलं. दुसरं टायमरचं. उन्हाळाभर छान चाललं. जुलैत दाणे दमट होऊन फुगले, फिरकीत अडकले, आणि मशीन नुसतं घरघर करत राहिलं. कुत्रा समोर बसून माझ्याकडे बघतोय!

घेणारच असाल तर सेलवरही चालणारं घ्या, कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. एका वेळी दोनच दिवसांचे दाणे भरा. भात-मासे त्यात चालत नाहीत, कोरडंच खाणं लागतं. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या परातीत ठेवायची. कावळ्यांवर मात्र उपाय सापडला नाही. सहाला दाणे पडतात, कावळा पाच मिनिटं आधी जास्वंदीवर हजर.

पण ताई, मशीन गोळी कशी देणार? तिथे माणूसच लागणार. आणि दुपारी सासूबाई घरी आहेतच ना?

गुहागरची_पडवी
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. डॉक्टरांनी शेरूला तपासलं. बापाकडचं रक्त बघता फार उंच नको म्हणाले, मान जरा कमी वाकेल एवढं पुरे. खाणं तीन वेळा विभागून. पाण्याचं भांडं जमिनीवरच ठेवलंय.

आबांचा चिरा घातला, सात इंच भरला. पण खरा फरक गोणपाटाने पडला, तेही चिऱ्यावरच्या नव्हे, मी त्याच्या पायांखाली अंथरलेल्या. पाय घसरायचे थांबले आणि निम्मं दुखणं तिथेच कमी झालं असं वाटतं. हे आधी सुचलं असतं तर स्टँडच्या किमती बघत बसले नसते.

मशीन रद्द. सासूबाई चिऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, तिथून वाटीपर्यंत हात पोचतो. गोळी उकडलेल्या अंड्याच्या बलकात. परवा चिपळूणहून फोन केला तर म्हणाल्या, "त्याने अंडं खाल्लं, गोळी थुंकली. मग दुसरं अंडं दिलं." आता रोज दोन अंडी लागतात.