प्रकल्पांतल्या कॉपीसाठी शाळेचे नियम कसे करायचे? कुणी केलेत का?

खडूफळा:
आमची शाळा सेमी-इंग्लिश, स्टेट बोर्ड. हेडसरांनी फर्मान काढलंय की प्रकल्पांतल्या उचलेगिरीबद्दल लेखी नियम करा, आणि ते माझ्या गळ्यात आलंय. निमित्त नववीचे जलसुरक्षेचे प्रकल्प, अर्ध्या वर्गाचे शब्दन्‌शब्द सारखे, सगळ्यांत "वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे" असं लिहिलंय आणि आकृती एकाच्याही वहीत नाही. एका सरांनी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम पाठवलेत, १० टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर माफ, ४० पर्यंत सहा महिन्यांत पुन्हा लिहून द्या, ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. हेच लावायचं का? आणि कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का, आमचं तर सगळं हाताने लिहिलेलं असतं.

ग्रंथपाल_निवृत्त:
अहो ते नियम कॉलेज-विद्यापीठांचे, हे टक्के प्रबंधांसाठी आहेत. नववीच्या पोराची नोंदणी कसली रद्द करता! आणि नियम खालच्या वर्गांनाही लावणार असाल तर आठवीपर्यंत आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम १६ आहे, मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ मध्ये मानसिक छळालाही मनाई आहे, म्हणजे वर्गात उभं करून नाव वाचून दाखवणं वगैरे प्रकार कागदावर चुकूनसुद्धा आणू नका. यूजीसीच्या नियमांतून घेण्यासारखं एकच, काय कॉपी धरायचं नाही ते आधी लिहा. सूत्रं, कायद्याचा मजकूर, कुठून घेतलं ते सांगून दिलेला उतारा, हे सगळं तिथेही वगळलंय.

विज्ञानवाली:
सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका मॅडम. एआयने लिहिलेलं ओळखायचं टूल खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने काढलं होतं, अचूक चालत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच गुंडाळलं. आमच्याकडे साधी पद्धत आहे, प्रकल्पासोबत कच्ची वही द्यायची आणि शंका आली की पोराला पाच मिनिटं समोर बसवायचं, "हा शब्द तू लिहिलायस, म्हणजे काय रे?" एवढं पुरतं. फक्त तेव्हा दोन शिक्षक हवेत, नाहीतर पालक येऊन म्हणतात मॅडमचा माझ्या मुलावर डूख आहे. पहिल्या वेळी पुन्हा लिहून आण, दुसऱ्यांदा त्या प्रकल्पाचे मार्क नाहीत आणि पालकांना बोलावणं.

बाबा_ठाणे:
पालक म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विषय वर्षानुवर्षं तेच, स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, आणि वर्षभर गाइडमधली उत्तरं फळ्यावरून उतरवून घेतलेल्या पोराला अचानक "स्वतःच्या शब्दांत लिही" म्हटलं तर ते बिचारं करणार काय? "पाण्याचे महत्त्व" ऐवजी आपल्या बिल्डिंगची टाकी दिवसातून किती वेळा भरते ते विचारा, दुकानदार ते कुठून देणार? नियमात पहिलं कलम शिक्षकांसाठी घाला, दरवर्षी विषय बदलायचा.

खडूफळा:
बाबांचं पटलं, पण हे पहिलं कलम हेडसरांच्या गळी उतरवायचं कसं हा वेगळाच प्रकल्प आहे. कच्च्या वहीचं उद्याच सांगते. आणि सायन्सच्या जर्नलचं काय, ती तर मागच्या बॅचचीच उतरवतात, रीडिंगसकट?

विज्ञानवाली:
जर्नलला यंदा हात लावू नका, स्टाफरूममध्ये महाभारत होईल. पुढच्या वर्षी बघू 😄