दरडीत गेलेल्यांना ताकीद कसली?

ऐरोलीकर: काल इथे कोणीतरी लिहिलं की 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या वेळांकण्णीची बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, वाचली हा श्रद्धेचा पुरावा आणि इर्शाळवाडीवरची दरड ही देवाची ताकीद. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. बॅसिलिका शाबूत राहिली, खरं आहे. पण त्याच किनाऱ्यावर शेकडो माणसं गेली, त्यांत नाताळाला आलेले भाविकही होते. त्यांची श्रद्धा कमी पडली, असं त्यांच्या घरच्यांना तोंडावर सांगाल? बायबलमधलं लूक 13 काढा. शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं प्रभू स्वतः विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाची दरड आली तेव्हा तिथल्या ठाकर आदिवासींची पोरंबाळं झोपेत होती.

खाडीकाठ: पोस्ट माझी. तुम्ही अर्धंच वचन सांगितलंत. पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, हे पुढचं का गाळलंत?

ऐरोलीकर: ते जिवंत ऐकणाऱ्यांना आहे. मेलेल्यांवरचा निकाल नव्हे.

तलावपाळी: 1 नोव्हेंबर 1755, लिस्बन. सर्व संतांचा सण, चर्च भरलेली. भूकंपात छतं कोसळली, आगी लागल्या, मागोमाग समुद्र आत आला. जमिनीला सणवार कळत नाही. आणि हे खूळ एकट्या ख्रिस्त्यांचं नाही. 1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. किल्लारीत 1993 च्या भूकंपात माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. त्यावर बोला.

नेरूळवाली: भिंतींचं राहू द्या, मला मयताच्या घरी येऊन बोलणाऱ्यांबद्दल बोलायचंय. 26 जुलै 2005 च्या पुरात माझा धाकटा भाऊ गेला. मंडळीतले एक वडीलधारे आईला म्हणाले, देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात. आईने चहाचा कप तसाच खाली ठेवला, आत गेली आणि कडी लावून घेतली. बायबलमध्ये संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि शेवटी देव त्यांच्यावरच संतापला.

घोडबंदर: ताई, तुमचं दुःख मान्य, पण माझं उलट आहे. गावी दरडीत वडील गेले. आजी 'त्याचा काहीतरी हेतू असेल' एवढ्या एका वाक्यावर उभी राहिली, आम्हा भावंडांना वाढवलं. ते खोटं ठरवून तिच्या हातात काय देणार होतात? भूगोलाचं पुस्तक?

नेरूळवाली: आजी स्वतःहून म्हणाल्या. माझ्या आईला ते बाहेरच्याने ऐकवलं. एवढा फरक दिसत नाही तुम्हाला?

खाडीकाठ: म्हणजे सांत्वनाला जायचंच नाही? हल्ली तसंही कोणी जात नाही, ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं की झालं. मी तरी उठून जातो!

घोडबंदर: जा ना, पण डबा घेऊन. आमच्या घरातला चिखल शेजारच्या गावच्या लोकांनी उपसला. उपदेश एकानेही केला नाही. ताईंचं तेवढं मला पटतं, तेवढंच.

तलावपाळी: चिखल उपसायला देव लागत नाही.

नेरूळवाली: तुम्ही माझ्या बाजूने भांडू नका. मी आजही दर रविवारी उपासनेला जाते. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं येशू वधस्तंभावर ओरडला, त्यालाही वरून उत्तर आलं नाही. म्हणून तो मला माझा वाटतो. तुमच्या जमिनीच्या हालचालींनी मला एक रात्र झोप दिलेली नाही.

खाडीकाठ: इर्शाळवाडीचं वाक्य काढतो. इतक्यांना लागलं, तर ठीक. पण सगळं देवाच्या हाती नाही, हे मी म्हणणार नाही. मग रोज संध्याकाळी मागायचं कोणाकडे?

ऐरोलीकर: त्याच्याचकडे मागा, मीही मागतो. आणि दरड का आली, हेही त्यालाच विचारा. ठाकरांकडे बोट दाखवू नका.