अहमदाबाद २०३०: राष्ट्रकुलमध्ये नेमबाजी हवीच का?

धरमपेठकर
२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला ६६ पदकं मिळाली, त्यातली १६ एकट्या नेमबाजीची. आपल्या तेजस्विनी सावंतचं सुवर्ण त्यातलंच. हा खेळ ठेवायचा की नाही हे यजमानाच्या मर्जीवर, म्हणून बर्मिंगहॅमने २०२२ ला तो काढून टाकला. २०२६ च्या ग्लासगोतही नाही. आता २०३० चं यजमानपद अहमदाबादकडे आहे. तिथे नेमबाजी असलीच पाहिजे. आज नागपुरात जी पोरं एअर रायफल शिकून राहिली, त्यांच्यासाठी म्हणतो.

महालचे मास्तर
माझा विरोध आहे. चीन आणि कोरिया राष्ट्रकुलमध्ये नाहीतच, मग त्या पदकांवरून आपली ताकद कशी मोजणार? १६ पदकांच्या त्या दिवाळीनंतर टोकियो ऑलिंपिकला १५ नेमबाज गेले आणि सगळे रिकाम्या हाताने परतले. उलट राष्ट्रकुलमध्ये खेळ नव्हता त्या काळात हांगझोऊ आशियाईला २२ पदकं आली, पॅरिसला तीन कांस्यं. पोरांना घडवायचं तर वर्ल्ड कप आहेत, ज्युनिअर जागतिक स्पर्धा आहेत.

सदरची आई
मास्तर, माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल करते. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० शॉट, अंगात ते जाड, कडक जॅकेट. मे महिन्यात कूलर लावूनही हाताला घाम सुटतो आणि पकड बदलली की शॉट नऊवर जातो. बाहेरची चांगली रायफल घ्यायची तर दोन लाखांच्या वर, पेलेटचे म्हणजे छर्ऱ्यांचे डबे वेगळे. राष्ट्रकुलचं पदक मिळालं तर सरकारचं रोख बक्षीस मिळतं, नोकरीची वाट मोकळी होते. २०१८ ते २०३० म्हणजे बारा वर्षं ती वाट बंदच. एवढ्यात एका पोरीची अख्खी कारकीर्द होऊन जाते हो.

अजनीचा रेल्वेवाला
ताईंशी सहमत. पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेम) कांस्य आणणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता. दर महिन्याचा पगार हाती असला की माणूस पदकाची वाट पाहू शकतो. पदकाआधी पोट भरावं लागते, बाप्पा.

महालचे मास्तर
तुम्ही माझंच म्हणणं मांडलं. त्याला नोकरी आधी मिळाली, ऑलिंपिक पदक नंतर! ताई, खर्चाचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण बक्षीस जिंकणाऱ्या एकाला मिळते. एसी, इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि सरावाला मिळणाऱ्या रायफली असलेली रेंज पन्नास पोरांच्या कामी येते. मागायचंच तर ते मागा.

सदरची आई
ते मागतोच आहोत. पण रेंज झाली तरी तिथे तिने कशासाठी उभं राहायचं? मनू भाकर गोल्ड कोस्टला १६ वर्षांची होती, अनीश भानवाला १५ चा. भरलेल्या स्टँडसमोर फायनल खेळायची संधी त्या वयात मिळाली. मनूला टोकियोत अपयश आलं, पण पॅरिसला तीच पोरगी दोन पदकं घेऊन आली. मोठ्या फायनलची सवय घरी बसून लागत नाही.

धरमपेठकर
आणि मास्तर, खेळ अहमदाबादच्या यादीत असला तर राज्याकडे रेंजसाठी पैसा मागायला आधार राहते.

महालचे मास्तर
आधार तर त्या १६ पदकांचाही होता. त्यानंतर विदर्भात अशा किती रेंज उभ्या राहिल्या, तेवढं सांगा. आकडा दाखवलात तर तुमच्या मागणीवर मी पहिली सही करतो.