बिशपांचे अधिकार आणि गावची मंडळी: निर्णय नेमका कोण घेतो?

वर्धाकाठ (प्रश्न):
सर्वांना सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात असून ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सी.एन.आय.च्या, नागपूर धर्मप्रांतात, म्हणजे नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्रात, मोडते. पाळकांची (पास्टरांची) बदली असो, चर्चच्या छपराची दुरुस्ती असो किंवा मिशनच्या जुन्या आवारातील जमीन असो, ‘बिशपसाहेब ठरवतील’ एवढ्यावर आमच्याकडील प्रत्येक चर्चा थांबते. अकोल्याकडील आमचे नातेवाईक अलायन्स मंडळीचे, म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या परंपरेतील, आहेत. त्यांच्याकडे बिशपच नाहीत, तरीही कारभार चालतो. आपल्या चर्चच्या घटनेत बिशपांचा अधिकार कोठपर्यंत आहे, आणि त्या जमिनीबाबत गावच्या सभासदांना काही विचारता येते का?

निवृत्त मास्तर:
प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. नागपूरचा अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील) धर्मप्रांत १९०३ मध्ये स्थापन झाला आणि आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप होते. त्यांच्यानंतर १९२६ मध्ये त्या पदावर आलेले अलेक्झांडर वुड आधी तुमच्याच चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) मिशनमध्ये काम करीत होते, त्यामुळे ‘बिशपसाहेब’ हा शब्द तुमच्या भागात इतका रुजला असल्यास नवल नाही. दुसरीकडे, १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनची परंपरा प्रेस्बिटेरियन होती. त्या परंपरेत मंडळीच्या वडिलांची (एल्डरांची) सभा निर्णय घेत असे आणि बिशप हे पदच नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्थांचे ऐक्य होऊन सी.एन.आय. अस्तित्वात आली, तेव्हा या दोन्ही पद्धती एकाच घटनेत बसवाव्या लागल्या. बाप्टिस्ट आणि ब्रेदरेनही त्या ऐक्यात सामील असल्याने बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य करण्यात आले.

म्हणून आपले बिशप घटनेने बांधलेले बिशप आहेत. पाळकांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण (कन्फर्मेशन) करणे व पाळकांवर देखरेख ठेवणे ही त्यांची कामे निर्विवाद आहेत. परंतु पैसा, संस्था आणि धोरण यांचे निर्णय धर्मप्रांताच्या परिषदेने व तिच्या समित्यांनी घ्यायचे असतात, आणि त्या परिषदेत पास्टरेटने, म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखालील मंडळीने किंवा मंडळ्यांनी, निवडून पाठवलेले सामान्य सभासदही बसतात. पाळकांची नेमणूक आणि बदली धर्मप्रांताच्या पातळीवर होते, हे मात्र खरे आहे. तेथे गावाने आपले म्हणणे पास्टरेट कमिटीच्या ठरावाद्वारे वेळेत कळवावे. माझा अनुभव असा की खेड्यांतून बहुधा ज्याला नागपूरला जाण्याची सवड असते तोच प्रतिनिधी म्हणून जातो, बैठकीत गप्प बसतो आणि परत आल्यावर काही सांगतही नाही. अशा वेळी दोष एकट्या बिशपांना देणे मला पटत नाही.

पूर्णाखोरे:
मी अलायन्सचा सभासद आहे. आमच्याकडे बिशप नाहीत याचा अर्थ सत्ता नाही, असा कृपया घेऊ नये. स्थानिक मंडळीला आमच्यात बरीच मोकळीक असते हे खरे. पण एकाच कुटुंबातील माणसे वर्षानुवर्षे वडील म्हणून निवडून आली, तर तक्रार ऐकणारा वरचा माणूस पटकन सापडत नाही. बाकी आपल्या पाळकांमध्ये लोक समजतात तेवढे अंतर नाही. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिक्षण देणारी संस्था, १९८३ मध्ये पुण्याला गेली. तोपर्यंत वेगवेगळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी तेथे एकत्र शिकत होते.

दस्तऐवज:
जमिनीचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहावा, कारण तेथे चर्चच्या घटनेबरोबर राज्याचा कायदाही लागू होतो. मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे तिची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासही हीच अट आहे. म्हणजे एकट्या बिशपांची किंवा एकट्या पाळकांची सही पुरेशी नाही. आधी तलाठ्याकडून सातबारा काढा आणि धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या परिशिष्ट एकचा उतारा मागा. विश्वस्त कोण आहेत आणि कोणती मालमत्ता नोंदलेली आहे हे त्यात दिसेल. आपल्या विदर्भात मिशनची काही आवारे नझूल पट्ट्याची असतात. तसे असल्यास जमीन शासनाची ठरते, आणि मग पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे की नाही हाच पहिला प्रश्न होतो.

वर्धाकाठ:
आभारी आहे. सातबारा या आठवड्यात काढतो. बदलीबाबतचा ठराव थेट बिशपांच्या नावे पाठवावा काय?

निवृत्त मास्तर:
ठराव पास्टरेट कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवून, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह धर्मप्रांताच्या सचिवांकडे पाठवावा व त्याची प्रत बिशपांना द्यावी. पोच घेण्यास विसरू नका.